जिमच्या प्रशिक्षकांनो, कोपराच्या खाली बघा

महाराष्ट्रातील सर्व जिमचालक, व्यायामशाळाचालक आणि प्रशिक्षक यांस,


पत्रास कारण की, कोपराच्या खालचा हात तुमच्या व्यायामाच्या तक्त्यातून गळला आहे, आणि त्याचे परिणाम माझ्याकडे येऊन बसतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं बहुतेक काम हाताच्या रुग्णांचं. मनगट मोडून नुकतंच प्लास्टर निघालेल्या आजी, कोपर धरून आलेले सुतार आणि गवंडी, रात्री बोटांना मुंग्या येऊन जागे होणारे शिंपी ही माझ्याकडची नेहमीची मंडळी. आता त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर धडधाकट तरुण मुलंमुली दिसतात. छाती भरलेली, दंडाला गोलाई आलेली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवताना कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ येते म्हणून बाटली मांडीत धरून डाव्या हाताने उघडणारी. व्यायाम कुठे करता, असं विचारलं की तुमच्यासारख्याच कुणाचं तरी नाव निघतं. बरी झाली की ती पुन्हा तुमच्याकडेच येणार आहेत, आणि यावीतच. म्हणून हे पत्र.

तुमच्याबद्दल मला आदर आहे. डॉक्टर माणसाला आजारपणात बघतो, मी दुखल्यावर बघते. तुम्ही त्याला तो बरा असताना आठवड्यातून पाच-सहा दिवस, तासतासभर बघता. हात वाचवण्याची जेवढी संधी तुमच्या हाती आहे तेवढी आमच्यापैकी कुणाकडेच नाही. ती वाया जाते, ही माझी तक्रार.

तक्रारीआधी एक गोष्ट करून बघा. डाव्या पंजाने उजव्या कोपराखालचा मांसल भाग घट्ट धरा आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटा, उघडा. हालचाल बोटांत दिसते, पण स्नायू वळवळतो तो तुमच्या डाव्या मुठीत. बोटांना स्वतःचे स्नायू नाहीत. पंजात छोटे स्नायू आहेत, पण मूठ आवळण्याचं जड काम कोपराखालचे स्नायू करतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांत हलतात बाहुल्या आणि राबतात वरचे हात, तसंच हे. बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मोठी नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात. त्या बोगद्याच्या तळाशी मनगटाची आठ छोटी हाडं आहेत आणि वर एक चिवट पट्टा. जागा जराही वाढत नाही. आत सूज आली की दाब नसेवर येतो, आणि अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होऊ लागतो. एवढं शरीरशास्त्र तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. मग सदस्याच्या व्यायामात ते दिसत का नाही?

पहिली तक्रार पट्ट्यांची. नवा मुलगा महिन्याभरात डेडलिफ्टला येतो. पाठ आणि मांड्या वजन पेलतात, पण पाचव्या-सहाव्या वेळी बोटं उघडायला लागतात. लगेच शेजारून सल्ला मिळतो, ‘स्ट्रॅप लाव.’ मनगटाला पट्टा, दांड्याला दोन वेढे, आणि सेट पुरा. पुढच्या आठवड्यात वजन वाढतं, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. पाठ वाढत जाते आणि पकड पहिल्या दिवशी होती तिथेच राहते. वर्षभराने तोच मुलगा घरी गॅसचा सिलिंडर उचलतो तेव्हा तिथे पट्टा नसतो. वर्षानुवर्षं जड वजनं उचलणाऱ्याने शेवटच्या एक-दोन सेटला पट्टा वापरला तर माझी हरकत नाही. नवख्याला पहिले सहा महिने मात्र पट्टा देऊ नका. पकड सुटली की सेट संपला, असा नियम करा. वजन आपोआप थोडं कमी राहील, आणि त्या वयात ते कमी राहिलेलंच बरं.

दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्याकडे फोरआर्म म्हणजे आर्म्स डेच्या शेवटी बाकावर हात टेकवून केलेले रिस्ट कर्ल. तळवा वर, दांडा बोटांवर घरंगळू द्यायचा, मूठ आवळून मनगट वाकवायचं. काहींच्या खिशात लोखंडी ग्रिपर असतो, तो गाडीत बसल्यावरही चालू. या सगळ्यात काम करतात ते मूठ मिटवणारे स्नायू. दिवसभर दांडे, डंबेल, केबलच्या मुठी, दुचाकीचा ब्रेक आणि मोबाइल धरताना तेच राबलेले असतात. हाताच्या पाठीकडची बाजू, म्हणजे मनगट वर उचलणारे आणि बोटं उघडणारे स्नायू, यांना स्वतंत्र व्यायाम कोण देतं?

आणि खरी पकड त्या पाठीकडच्या बाजूवरच उभी असते. मनगट पूर्ण आत वाकवा आणि पेन घट्ट धरा. कुणीही ते सहज ओढून काढेल. आता मनगट किंचित मागे झुकवून तेच पेन धरा. फरक लगेच कळतो. मूठ आवळताना बोटांच्या कंडरा मनगटालाही आत ओढतात, आणि पाठीकडचे स्नायू त्याला मागून रोखून धरतात. म्हणजे प्रत्येक पकडीत दोन्ही बाजू राबतात. व्यायाम मात्र एकाच बाजूचा होतो. पाठीकडचे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात तिथेच ती कळ सुरू होते. तिला लोक टेनिस एल्बो म्हणतात. आयुष्यात रॅकेट न धरलेल्यांनाही ती होते.

यावर महागडं काही लागत नाही. भाजीच्या जुडीला येणारं रबर पाचही बोटांच्या टोकांभोवती चढवा आणि बोटं पूर्ण फाकवा, सावकाश मिटवा. पंधरा-वीस वेळा, दोन फेऱ्या. मग हात टेबलावर टेकवून पंजा कडेबाहेर सोडा, तळवा जमिनीकडे. हलकं डंबेल दुसऱ्या हाताच्या मदतीने वर न्या आणि एकट्या हाताने चार-पाच सेकंद घेत खाली आणा. कंडरेला ही सावकाश उतरण मानवते. दुखऱ्या कोपरावर आम्ही याच तत्त्वाने उपचार करतो. दुखायच्या आधी केली तर त्यातले अनेक रुग्ण माझ्यापर्यंत येणारच नाहीत. तिसरा प्रकार हातोडीचा. कोपर कमरेला चिकटवून हातोडीचा दांडा टोकाला धरायचा आणि डोकं हळूहळू एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला झुकवायचं. किल्ली फिरवणं, स्क्रू पिळणं, कपडे पिळणं या सगळ्या हालचालींना हा व्यायाम उपयोगी, पण जिममध्ये तो क्वचितच कुणी शिकवतं. ज्यांना काही मोठं हवं असेल त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात बादलीभर तांदूळ ठेवा. त्यात हात मनगटापर्यंत खुपसून मूठ मिटणं, बोटं फाकवणं, पंजा दोन्हीकडे वळवणं. एका बादलीत हाताच्या सगळ्या बाजू येतात.

तिसरी गोष्ट घाईची. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी, तिला तेवढ्याच बदलाला महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या महिन्यातला मुलगा फसतो: स्नायू म्हणतो वजन वाढव, कंडरा अजून तयार नसते. तुम्ही त्याला थांबवलं पाहिजे, कारण त्याला आतून हे कळत नाही. वजन वाढवायच्या आधी वेळ वाढवा. दांड्याला लोंबकळणं वीस सेकंदांवरून चाळीसवर न्या. दोन हातांत डंबेल घेऊन ताठ चालणं, ज्याला तुम्ही फार्मर्स वॉक म्हणता, त्यात आधी अंतर वाढवा. दोन प्लेट गुळगुळीत बाजू बाहेर करून एकत्र धरा, एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं. अंगठ्याच्या ताकदीला याच्याइतका सोपा व्यायाम नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, व्यायामाच्या शेवटी दहा-बारा मिनिटं पुरेत. सुरुवातीला करू नका. थकलेल्या मुठीने पुढे जड दांडा धरणं धोक्याचं. आणि मूठ आवळून वजन पेलताना श्वास रोखू देऊ नका. रक्तदाब असलेल्यांना तर आधीच बजावून ठेवा.

पंजा लढवण्याबद्दलही बोलायला हवं. संध्याकाळी जिममध्ये दोन मुलं बाकावर पंजा लढवतात, बाकीचे मोबाइलवर चित्रण करतात. हरत आलेला मुलगा अंग दुसरीकडे फिरवून हात मागे ठेवतो, आणि त्या पिळाने दंडाचं हाड मोडू शकतं. ही ठाऊक असलेली दुखापत आहे. पंजा लढवायचाच असेल तर छाती आणि खांदा मुठीच्या मागे राहायला हवा. हे शिकवायला कुणी नसेल तर तो खेळ तुमच्या छताखाली होऊ देऊ नका.

आता दुखण्याविषयी. ‘दुखतंय म्हणजे लागतंय’ हे वाक्य माझ्या कानावर फार येतं. स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकतो ते वेगळं आणि मनगटाच्या हाडाजवळ बोटाने दाखवता येईल अशी कळ वेगळी. बधिरपणा, मुंग्या, हातातून वस्तू निसटणं, बोट वाकवल्यावर अडकून टक्कन उघडणं, अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला दुखणं, यांतलं काहीही असेल तर व्यायाम थांबवून माणसाला डॉक्टरकडे पाठवा. ‘हळू कर, होईल’ एवढ्यावर सोडू नका. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या कडेवर किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दाब येतोय का ते बघा. बेंच प्रेसला मनगट मागे मोडलेलं असतं, तेही तुमच्या नजरेसमोरच. दांडा बोटांच्या मुळाशी ठेवण्याऐवजी तळव्याच्या टाचेवर, हाताच्या हाडांच्या सरळ रेषेत ठेवला की मनगटावरचा ताण त्याच दिवशी कमी होतो. जोर मारताना मनगट दुखत असेल तर डंबेलचे दांडे धरून, मनगट सरळ ठेवून जोर मारता येतात.

रथसप्तमी जवळ आली की दरवर्षी एकच प्रकार घडतो. १०८ सूर्यनमस्कारांचा संकल्प होतो, संकल्प करणाऱ्यांत वर्षभर एकही नमस्कार न घातलेली माणसं असतात. प्रत्येक नमस्कारात काटकोनात मागे गेलेल्या मनगटांवर शरीराचा भार येतो, तोही पुन्हा पुन्हा. संकल्प चांगला आहे. महिनाभर आधी बारा नमस्कारांपासून सुरू करून घेण्याची जबाबदारी मात्र तुमची.

नोंदणीच्या अर्जात तुम्ही वजन, उंची, छातीचा घेर विचारता. काही ठिकाणी चरबीचं प्रमाणही मोजतात. हाताबद्दल एकही प्रश्न नसतो. माणूस दिवसभर काय काम करतो? कीबोर्डवर बसतो, पोळ्या करतो, तबला वाजवतो, ड्रिल चालवतो? मधुमेह आहे का? थायरॉइड? मधुमेहात बोटं अडकणं, मनगटाची नस दबणं, पंजा कडक होणं अधिक आढळतं. दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडायला सांगा. बोटांच्या मध्ये फट राहत असेल तर हात कडक होत चाललेत, हे तुम्हाला एका क्षणात दिसेल. बाळंतपणानंतर काही महिन्यांतच व्यायामाला आलेल्या बाईला अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतं का, हे नक्की विचारा. बाळ उचलून उचलून ते दुखतं, आणि त्यावर डंबेलचा भार टाकला की ते चिघळतं.

एक छोटं यंत्र घ्या, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. पकड मोजणारा डायनामोमीटर. ट्रेडमिलच्या मानाने त्याची किंमत किरकोळ. खुर्चीवर बसवून, कोपर काटकोनात ठेवून, दोन्ही हातांनी तीन-तीन वेळा दाबायला लावायचं आणि आकडा वहीत लिहायचा. २०१५ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांची पकड मोजली होती. त्यात भारतही होता. पकड ५ किलोने कमी असली तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक दिसला. पकड वाढवली की आयुष्य वाढतं, असं त्यावरून म्हणता येत नाही; पण शरीर कुठल्या दिशेला चाललंय याची खूण म्हणून हा आकडा मोलाचा आहे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली उतारवयातल्या स्नायूंच्या झिजेसाठी सीमारेषा ठरवून दिली: पुरुषांत २८ किलोपेक्षा कमी, स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी. तुमच्या सकाळच्या बॅचमधल्या काकांचा आणि मावशींचा आकडा तुम्हाला ठाऊक आहे का?

त्या मावशींबद्दल मला जास्त वाईट वाटतं. त्यांना एक-एक किलोची रंगीत डंबेल देऊन कोपऱ्यात उभं केलं जातं. बाजारातून त्या दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन जिने चढतात, आणि इथे मात्र एक किलो. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होतात, तोल जातो तेव्हा माणूस हात पुढे टाकतो, आणि मनगट मोडतं. प्लास्टर निघाल्यावर चपातीचा गोळा दाबतानाही रडू येणाऱ्या बायका मी बघते. त्यांना पेलेल इतकं खरं वजन हातात द्या, ते घेऊन चालायला लावा, पाय स्टुलावर टेकवून दांड्याला लोंबकळू द्या, आणि सोबत तोल सांभाळण्याचे व्यायाम घ्या. त्यांना सांभाळून घेणं म्हणजे त्यांना हलकं समजणं नव्हे.

ही विद्या आपल्याकडे नव्हती असं नाही. कोल्हापूरच्या तालमींत पोरं फावड्याने हौद्यातली लाल माती उकरतात, दोर चढतात, मुद्गल फिरवतात. मुद्गल डोक्यामागून फिरून पुढे येताना मनगट त्याला प्रत्येक अंशात आवरतं. मिटणारी, उघडणारी, वळवणारी सगळी बाजू एका फेरीत राबते. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या उत्तरकाळात मल्लखांबाला नवं रूप दिलं, आणि एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर पकड टिकवायला शिकलेल्या मुलांचे हात आजही वेगळे ओळखू येतात. दोरीच्या मल्लखांबावरच्या मुली तर बोटांच्या जोरावर सारं अंग उलटं सावरतात. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत निघाला. एवढा ठेवा असताना मुंबई-पुण्याच्या जिममध्ये मुद्गल शोभेलाही दिसत नाही. दोरखंड दिसतो तो जमिनीवर आपटायला. छताला टांगलेला, चढायचा दोर दिसत नाही. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. तालमीतल्या पैलवानांचेही खांदे आणि मनगटं दुखावलेली मी पाहिली आहेत, आणि मुद्गलही हलक्यापासूनच सुरू करावा लागतो. पण एक दोर, दोन जोड्या मुद्गल आणि ते शिकवणारा एखादा वस्ताद यांना तुमच्या जागेत जागा आहे.

तुम्ही म्हणाल, लोक छाती आणि बायसेप्ससाठी येतात, हातासाठी कुणी पैसे देत नाही. खरं आहे. पण पाठीसाठीही पूर्वी कुणी येत नव्हतं. तुम्हीच लोकांना बसण्याची ढब आणि कंबर सांभाळायला शिकवलंत. पोटाच्या स्नायूंचं महत्त्व तुम्ही घराघरात पोहोचवलंत. लोक तुमचं ऐकतात. एखाद्या मुलाला तुम्ही सांगितलंत की आज पट्टा नाही, आज लोंबकळायचं, तर तो लोंबकळेल.

आणि तुमचे स्वतःचे हात? दिवसभर दुसऱ्यांचे दांडे उचलून देताना, प्लेट चढवता-उतरवताना तुमची मनगटं किती झिजतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तुमच्यातले काहीजण माझ्याकडे उशिरा येतात, जेव्हा रात्री हात झटकल्याशिवाय झोप लागत नाही. तेवढी वाट पाहू नका.

पुढच्या सोमवारी जो कुणी नवा सदस्य येईल, त्याला वजनकाट्यावर उभं करण्याआधी त्याचे दोन्ही हात पुढे करायला सांगा. बोटं पूर्ण उघडतात का, मनगट दोन्हीकडे वळतं का, कोपराशी दाबल्यावर दुखतं का, एवढं बघा, पकड मोजा आणि वहीत लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा वाढला नसेल तर तक्ता बदला.

आपली नम्र,
हाताच्या रुग्णांसोबत काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट,
पुणे